डोळ्यांना मानवणारा दिवा

कर्जत-खालापूरच्या मंडळींना वीज कोठें जन्मते हें सांगावयास नको. खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं चालूं झालें, भिवपुरीचें १९२२ सालीं. घाटावरचें पाणी नळांतून खालीं उतरलें आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरूं लागल्या. वीज तर साधली. पण घरांत तिचा उजेड डोळ्यांना मानवावा कसा? समईची ज्योत कोणास खुपत नसे. विजेचा उघडा गोळा मात्र खुपतो.

डेन्मार्कचे वास्तुविशारद पॉल हेनिंगसेन (१८९४–१९६७) यांनीं याच प्रश्नाचा ध्यास घेतला. त्यांचा १९५८ सालचा टांगता दिवा 'पीएच ५' हा ५० सेंटिमीटर रुंद. नांवांतला पांच तोच. पत्र्याच्या वळणदार छत्र्या एकाखालीं एक अशा बसविल्या आहेत कीं, मेजाभोंवतीं बसलेल्यांस गोळा दिसत नाहीं, उजेड तेवढा पोहोंचतो. आंतला तांबडा व निळा रंग केवळ शोभेचा नव्हे. डोळ्यास हे दोन रंग मंद भासतात, म्हणून त्यांस जोर द्यावा, असा त्यांचा हिशेब. गोळ्यांचे कारखानदार आकार सारखे बदलीत. तेव्हां वैतागून त्यांनीं कोणताही गोळा चालेल असाच दिवा घडविला. असा फलदायी वैताग विरळाच! आज त्यांत एल.ई.डी.चा गोळाही बसतो.