जुने विमान आणि यांत्रिकाची सही



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी कामगार यांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत. म्हणून 'जुने खाजगी विमान' हा विषय कळविला, तेव्हा चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले नाही. आमची शाळा आठवीनंतर सुटली, मग यंत्रशाळेत फिटरच्या हाताखाली लागलो, आणि उरलेले शिक्षण नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. आमच्या मालकीचे विमान नाही आणि पुढेही असण्याचा संभव नाही. परंतु कामगार चळवळीत जे आम्हांला फार उशिरा कळले, ते एका जुन्या विमानाजवळ उभे राहून कळले. तेवढेच आज सांगावयाचे आहे.

आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा अमेरिकेत ओहायो राज्यात नोकरीला आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही एका उन्हाळ्यात तिकडे गेलो. त्याने दोन मित्रांसह भागीदारीत एक विमान घेतले होते. विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शेदोनशे उतारूंचे धूड येते. हे तसे नव्हे. चार माणसांची बैठक, एक इंजिन, पुढे दोन पात्यांचा पंखा, आणि माणसांच्या डोक्यावरून गेलेला पंख. सेसना १७२ हे त्याचे नाव. या जातीचे पहिले विमान १९५५ साली उडाले आणि आजवर चव्वेचाळीस हजारांहून अधिक बनली. जगात दुसरे कोणतेही विमान इतक्या संख्येने बनलेले नाही. आम्ही पाहिलेले विमान विचिटा गावच्या कारखान्यात १९७४ साली तयार झाले होते, म्हणजे आमच्याहून तीनच वर्षांनी धाकटे. मुलगा म्हणाला, "काका, तुमच्याच पिढीचे आहे. पण त्याचा हिशेब तुमच्यापेक्षा चोख ठेवलेला आहे."

इतके जुने विमान कोणी का घ्यावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. उत्तर साधे आहे. नवे सेसना चार लाख डॉलरांच्या पुढे जाते. जुने त्याच्या काही अंशात मिळते, आणि तिघांत वाटले तर चांगल्या पगाराच्या नोकरदारालाही परवडते. शिवाय १९८६ साली कारखान्याने या विमानाचे उत्पादनच थांबविले होते. धंद्यात मंदी होती, आणि वीसवीस, तीसतीस वर्षांपूर्वी विकलेल्या विमानाच्या अपघाताबद्दलही कारखान्यावर दावे होत. १९९४ साली अमेरिकेत कायदा झाला, आणि अठरा वर्षांहून जुन्या लहान विमानाबद्दल बनविणाऱ्यावर दावा लावण्यास बहुतांशी बंदी आली. त्यानंतर १९९६ साली उत्पादन पुन्हा सुरू झाले. या कायद्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. विमान जुने झाले की बनविणाऱ्याची जबाबदारी हळूहळू सरते, आणि सांभाळणाऱ्याची मात्र तशीच राहते.

आता सांभाळणे म्हणजे काय ते पाहू. मोटारीच्या इंजिनात साधारणपणे एका सिलिंडरला एक स्पार्क प्लग असतो. येथे दोन असतात, आणि ठिणगी देणारी मॅग्नेटो नावाची यंत्रेही दोन, एकमेकांपासून स्वतंत्र. उड्डाणापूर्वी वैमानिक आधी एक बंद करून पाहतो, मग दुसरे, आणि फेऱ्या किती उतरतात ते मोजतो. कारण उघड आहे. मोटार बंद पडली तर रस्त्याच्या कडेला उभी करता येते, आकाशाला कड नाही. पेट्रोलच्या टाकीतही तोच विचार. टाकीच्या तळाशी एक लहान तोटी असते. तिच्यातून काचेसारख्या पारदर्शक पेल्यात थोडे पेट्रोल काढून उजेडात धरतात. रात्रीच्या दमट हवेने टाकीत पाणी जमले असेल तर ते जड म्हणून खाली बसते आणि पेल्यात वेगळे दिसते. आमची आजी समईत तेल घालण्यापूर्वी ते उजेडात धरून पाही, तिची आठवण झाली.

या पेट्रोलात अजून शिसे मिसळलेले असते, हेही सांगितले पाहिजे. मोटारींच्या पेट्रोलातून ते केव्हाच गेले, पण लहान विमानांची बहुतेक जुनी इंजिने अद्याप त्यावर चालतात. त्या धुरातील शिसे लोकांच्या आरोग्यास घातक आहे, असा निर्णय अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२३ साली दिला, आणि बिनशिशाच्या पेट्रोलाकडे वळण्याचा प्रयत्न चालू आहे. छंद एकाचा असला तरी धूर सर्वांचा असतो, हे छंद असणाऱ्यांनी विसरू नये.

मुलाने आम्हांला वह्या दाखविल्या. विमानाच्या सांगाड्याची वही वेगळी आणि इंजिनाची वेगळी. १९७४ पासून कोणत्या दिवशी तेल बदलले, कोणते चाक, कोणती नळी, त्या वेळी इंजिन किती तास चालले होते, आणि काम कोणी केले, हे सारे त्यांत सहीनिशी होते. पन्नास वर्षांत मालक बदलले, गावे बदलली, शाईचे रंग बदलले, पण नोंद तुटली नाही. ज्या विमानाच्या वह्या हरवल्या त्याची किंमत निम्म्यावरही येऊ शकते, असे तो म्हणाला. तेथील कायद्याप्रमाणे विमान उडण्यायोग्य ठेवण्याची प्रथम जबाबदारी मालकाची. वैमानिकाचा परवाना असलेल्या मालकाला तेल बदलणे, टायर बदलणे, प्लग साफ करणे अशी किरकोळ कामे स्वतः करता येतात, मात्र केल्यावर वहीत लिहून खाली सही करावी लागते. आमच्या या मुलाच्या नखांत काळे तेल होते आणि त्याचा त्याला अभिमान होता. कारकुनाच्या घरातला मुलगा हाताने काम करून त्याचा अभिमान बाळगतो, हे पाहून आम्हांला बरे वाटले.

परंतु दर बारा महिन्यांनी एकदा सारे विमान उघडून तपासावे लागते, आणि ती तपासणी मालकाला करता येत नाही. त्यासाठी खास अधिकार दिलेला यांत्रिक लागतो. त्याची सही नसेल तर विमान उडवता येत नाही. आम्ही गेलो तेव्हा हीच तपासणी चालू होती. तपासणारे गृहस्थ सत्तरीचे होते. पूर्वी एका मोठ्या विमान कंपनीत यांत्रिक म्हणून राबलेले, आणि तेथील यांत्रिकांच्या संघटनेचे जुने सभासद. आमचा धंदा कळल्यावर त्यांनी पाकिटातून संघटनेचे जुनाट कार्ड काढून दाखविले. मग आम्हां दोघांना दुभाष्याची गरज फारशी उरली नाही.

त्यांनी तेलाचा फिल्टर काढला, डब्याचे पत्रे कापले, आतला घडीचा कागद पसरून उन्हात धरला. त्यावर चमकणारे बारीक कण होते. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढून फिरविला. कण उडी मारून त्याला चिकटले. म्हणजे ते पोलादाचे होते. त्यांनी काही न बोलता पाना खाली ठेवला.

या इंजिनात झडपा उघडणारा दांडा, ज्याला कॅमशाफ्ट म्हणतात, तो वरच्या बाजूस असतो. विमान उडत राहिले तर त्यावर तेल उडत राहते. पण ते महिनोन्‌महिने उभे राहिले तर तेल निथळून खाली जाते, दमट हवेने दांड्याला गंज चढतो, आणि मग इंजिन सुरू झाले की तो गंजलेला भाग झिजू लागतो. त्या हिवाळ्यात तिघाही भागीदारांना फुरसत नव्हती आणि विमान जवळजवळ उडालेच नव्हते. आमच्या यंत्रशाळेत आम्ही समजत होतो की यंत्र वापराने झिजते. येथे समजले की ते न वापरण्यानेही झिजते. कामगार संघटनेचेही असेच आहे, पण तो विषय वेगळा.

अडचण अशी, की तो दांडा नीट पाहावयाचा तर इंजिन उतरवून उघडावे लागते, आणि त्याला हजारो डॉलर लागतात. त्यातच चार दिवसांनी भागीदारांना ऑशकॉशला जावयाचे होते. विस्कॉन्सिन राज्यातील या गावी १९७० पासून हौशी वैमानिकांची मोठी जत्रा भरते, जुनी विमाने घेऊन माणसे दूरदुरून येतात. आपल्याकडे आषाढीला पंढरपूर, तसे त्यांना ते गाव. दुसरा भागीदार तापला. तो म्हणाला, "परवापर्यंत चालत होते ना? एवढी जत्रा होऊ द्या, मग इंजिन उघडू." म्हातारा शांतपणे म्हणाला, "परवा चालत होते हे मी लिहून देतो. उद्या चालेल हे कशाच्या आधारावर लिहू?" भागीदार म्हणाला, "मग आम्ही दुसरा यांत्रिक पाहतो." म्हातारा म्हणाला, "पाहा. पण फिल्टरमध्ये काय सापडले ते मी तुम्हांला लिहून देणार, सही आणि तारखेसह." आणि त्यांनी ते लिहून दिले.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, की त्यात विशेष काय? त्याचे ते कामच होते. येथे आम्हांला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती आजवर सभेत सांगितलेली नाही.

आम्ही संघटनेच्या कामाला नवे होतो तेव्हाची गोष्ट. एका कारखान्यात पत्रा कापण्याचे पॉवर प्रेस होते. कारखान्याचे नाव येथे घेत नाही. एका प्रेसच्या क्लचची चावी झिजली होती, आणि पॅडल एकदा दाबले तर ठोका कधीकधी दोनदा पडे. देखभालीच्या फिटरला दर आठवड्यास 'यंत्र ठीक' अशा कागदावर सही करावी लागे. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, सही करू का नको?" त्या वेळी पगारवाढीच्या कराराची बोलणी अगदी काठावर आली होती. भांडणाला नवे कारण नको, असे आमच्या मनात होते. आम्ही म्हणालो, "करून टाक. करार झाला की या प्रेसचे आपण काढू." त्याने सही केली. करार झाला, हारतुरे झाले. नवव्या दिवशी दुसरा ठोका पडला आणि एकोणीस वर्षांच्या मुलाची उजव्या हाताची दोन बोटे गेली.

चौकशीत सही फिटरची निघाली, आणि शिक्षाही त्यालाच झाली. आमचे नाव कोठेही नव्हते. त्या फिटरनेही ते सांगितले नाही. ओहायोतल्या त्या हॅंगरमध्ये म्हाताऱ्याने पाना खाली ठेवला, तेव्हा आम्हांला तो फिटर दिसला. त्यालाही यंत्र कळत होते. त्याला 'नाही' म्हणण्याचा आधार तेवढा नव्हता, आणि जो आधार व्हावयाचा तो आम्हीच काढून घेतला होता.

जुनेपणाविषयी आपल्या मनात एक गैरसमज असतो, की जुने ते धोक्याचे आणि नवे ते सुरक्षित. २०१८ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत फ्लोरिडातील डेटोना बीच येथे पायपर जातीच्या एका शिकाऊ विमानाचा डावा पंख उड्डाणानंतर निखळला, आणि विद्यार्थी व परीक्षक दोघेही गेले. ते विमान २००७ सालचे होते, म्हणजे अवघे अकरा वर्षांचे. पंखाच्या मुख्य तुळईत, बोल्टच्या छिद्रापाशी, वारंवारच्या ताणाने तडा गेला होता आणि तो बाहेरून दिसत नव्हता. पुढे त्या जातीच्या हजारो विमानांची ती जागा विद्युत्‌ उपकरणाने तपासण्याचा हुकूम निघाला. याच्या उलट उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली कराचीहून जुहूला टपाल आणले, त्याला पन्नास वर्षे झाली म्हणून १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते पुन्हा त्याच मार्गाने एकटे उडत आले. विमान होते लेपर्ड मॉथ जातीचे, लाकडी सांगाड्याचे. या जातीची विमाने १९३६ नंतर बनलीच नाहीत. वृत्तपत्रांतून टाटांची छायाचित्रे आली, ते योग्यच झाले. पण चाळीसपन्नास वर्षे जुने लाकूड ज्यांनी ठोकून, वास घेऊन, उजेडात धरून तपासले असेल, त्यांची नावे आपणांपैकी कोणास ठाऊक आहेत?

हा विसर पहिल्या दिवसापासूनचा आहे. राईट बंधूंचे विमान १९०३ साली उडाले, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. त्याचे बारा अश्वशक्तीचे इंजिन चार्ली टेलर नावाच्या त्यांच्या दुकानातील यांत्रिकाने सुमारे सहा आठवड्यांत केले, तेही लेथ, ड्रिल आणि हातातील हत्यारे एवढ्यावर. तेही याच ओहायोत, डेटन गावी. म्हातारपणी तो रुग्णालयाच्या धर्मादाय विभागात आढळला, तेव्हा विमानधंद्यातील लोकांनी त्याची सोय केली. १९५६ साली तो वारला. आता त्याच्या नावाने पन्नास वर्षे निर्दोष काम करणाऱ्या यांत्रिकांचा गौरव होतो.

त्या तिघांचे पुढे काय झाले, ते सांगून संपवितो. दोन दिवस अबोला झाला. मग आमच्या मुलाने पहिला हप्ता भरला आणि इंजिन उतरविले. ऑशकॉश चुकले. दांड्याचा एक उंचवटा जवळजवळ सपाट झाला होता. रागावलेल्या भागीदाराने तो तुकडा आपल्या टेबलावर ठेवला आहे, असे मुलाने कळविले.

आपल्याकडेही विमान दुरुस्त करणाऱ्या अभियंत्याला सरकारी परवाना असतो आणि त्याच्या सहीशिवाय दुरुस्त झालेले विमान सुटत नाही. पण लिफ्टच्या, शाळेच्या बसच्या, कारखान्यातल्या बॉयलरच्या कागदावर सही करणारा माणूस नाकारण्यास तितकाच मोकळा आहे काय? परत आल्यापासून आम्ही प्रत्येक करारात एक कलम मागतो. यंत्र ठीक नसताना सही नाकारणाऱ्या कामगारावर कारवाई होऊ नये, आणि त्याचे लेखी कारण दप्तरी राहावे. तीन ठिकाणी ते मिळाले. दोन ठिकाणी त्यासाठी आम्ही पगारवाढीतले थोडे सोडले, आणि सभासदांच्या शिव्याही खाल्ल्या. त्या शिव्या आम्हांला मान्य आहेत. तीस वर्षांपूर्वीचा कौतुकाचा हार आज मान्य नाही.