वसवसा : मुलांच्या मनाचा आजार



वजू करताना एखादे मूल पुन्हा पुन्हा हात धुऊ लागले की घरातली दादी म्हणते, "वसवसा आहे, जाईल." मराठीत ह्यालाच मंत्रचळ म्हणतात; डॉक्टर ओसीडी म्हणतात. नको असलेला विचार मनात घुसतो, जिवाची तगमग होते, आणि ती शमविण्यासाठी मूल तीच कृती परत करते. तगमग शमते, पण घटकाभरच. दहाव्या शतकात वारलेल्या अबू झैद अल्-बल्खी ह्या विद्वानाने आपल्या ग्रंथात वसवशावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. तेव्हा ह्यास जिन्नाची बाधा समजण्याचे कारण नाही. वजूत प्रत्येक अवयव तीन वेळांहून अधिक धुऊ नये, हे तर आपण सारेच जाणतो. पण ह्या मुलाला ते ठाऊक असूनही थांबता येत नाही.

आता धोका कसा ओळखावा? रोजचा तासभर वा अधिक वेळ ह्यात जातो काय, ते पाहा. हाताची कातडी फाटली आहे काय, मूल फिनेल अंगाला लावते काय, विटाळाच्या भीतीने खाणे-पिणे टाळते काय, उत्तर लिहून खोडता खोडता पेपर अर्धा राहतो काय? लातूरला शिकवणीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलांचे हे पाहणारे कोणी नसते, ही माझी मोठी काळजी आहे. शिवाय ज्या लातुरात २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे नळ सोडून बसणाऱ्या मुलाला मार बसतो. आजार मात्र तसाच राहतो.

"माझ्या हातून धाकट्या बहिणीला सुरी लागेल," असे एखादे मूल रडत सांगते. त्या विचाराने ते स्वतःच भेदरलेले असते, सुरीपासून दूर पळते. हा त्याचा इरादा नव्हे. त्याला गुन्हेगार ठरवू नका. परंतु "मला जगायचे नाही" हे बोलणे निराळे. तेथे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. फवारणीचे औषध, गोळ्या कुलपात ठेवा, मुलाला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उपचार आहे. भीतीला थोडे थोडे सामोरे जाऊन ती कृती न करण्याचा सराव तज्ज्ञ करवून घेतात. गरज पडल्यास गोळ्याही देतात. गोळ्यांच्या पहिल्या काही आठवड्यांत मुलाची बेचैनी वा उदासी वाढते काय, ह्यावर अम्मी-अब्बांनी नजर ठेवावी, आणि गोळ्या मनाने बंद करू नयेत. "हात स्वच्छ आहेत ना?" असे मूल दहादा विचारते आणि आपण दहादा "हो" म्हणतो, त्यानेही आजार पोसला जातो. मात्र ही सवय डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू मोडावी, एकदम नव्हे.

नांदेडकरांना विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरकरांना विलासराव देशमुख महाविद्यालय. २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तेथे मराठीत बोलता येते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणास असे होत असेल आणि घरी सांगण्याची हिंमत होत नसेल, तर मधल्या सुटीत मला येऊन सांगा. अब्बांशी मी बोलेन.