विकतची शांतता



शहरांत राहणाऱ्या माणसाला जी वस्तु आज सर्वांत दुर्मिळ झाली आहे ती शांतता होय. रस्त्यावरील वाहनें, शेजारच्या इमारतीचें बांधकाम, डोक्यावर गरगरणारा पंखा आणि भिंतीवरील वातानुकूलन यंत्र यांचा मिळून एक अखंड घोष आपल्या कानांवर आदळत असतो. तो बंद करणें आपल्या हातीं नाहीं. म्हणून तो निदान आपल्यापुरता मावळविणारे बिनतारी हेडफोन घेण्याकडे सुशिक्षित कुटुंबांचा कल वाढला आहे. परंतु हा व्यवहार स्वस्त नव्हे. ॲपलचे ‘एअरपॉड्स मॅक्स’ २०२० सालीं भारतांत आले ते ५९,९०० रुपयांना. एवढी रक्कम मोजणाऱ्या गृहस्थानें काय पाहून निवड करावी, याचा आज थोडा विचार करूं.

प्रथम हें यंत्र करतें काय, तें पाहूं. आवाज म्हणजे हवेंतील लहर. तिच्या उंचवट्यावर दुसऱ्या लहरीचा खळगा नेमका बसविला, तर दोन्ही लहरी एकमेकींना गिळून टाकतात. या तत्त्वासाठीं पाउल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञाला १९३६ सालीं अमेरिकेंत पेटंट मिळालें. तें तत्त्व सामान्य माणसाच्या कानापर्यंत पोंचविण्याचें पुष्कळसें श्रेय डॉ. अमर बोस यांचें. बंगालमधून अमेरिकेस गेलेल्या एका क्रांतिकारकाचे हे चिरंजीव. १९७८ सालीं विमानप्रवासांत हेडफोनमधील संगीत इंजिनाच्या घरघरींत बुडून जातें असें पाहून त्यांनीं त्याच प्रवासांत गणितें मांडण्यास आरंभ केला. १९८९ सालीं त्यांच्या कंपनीनें वैमानिकांसाठीं असे हेडफोन विक्रीस काढले, आणि २००० सालीं ते सर्वसाधारण गिऱ्हाइकांच्या हातीं आले.

मात्र या विद्येला एक मर्यादा आहे. दर सेकंदास १०० कंपनें असलेल्या खर्जाच्या आवाजाची लहर सुमारें साडेतीन मीटर लांब असते. १०,००० कंपनांच्या आवाजाची लहर अवघी साडेतीन सेंटिमीटर. लांब लहरीवर उलट लहर बसविणें सोपें, आंखूड लहरीवर कठीण. म्हणून विमानाची घरघर किंवा पंख्याचा घोष हें यंत्र विजेच्या साह्यानें मावळवितें. पण कुकरची शिटी आणि ताटांचा खणखणाट अडविण्याचें काम मुख्यतः कानाभोवतीं बसणाऱ्या गादीलाच करावें लागतें.

माझ्या आजच्या बोलण्याचें सार याच गादींत आहे. नाद आणि सोय हे दोन निरनिराळे गुण समजून आपण हेडफोनांची तुलना करतों. परंतु दोहोंचें मूळ एकच. गादी कानाभोवतीं सर्व बाजूंनीं नीट टेकली, तर खर्ज भरदार ऐकूं येतो, गोंगाट बाहेर राहतो आणि डोक्यावरचा दाबही सारखा वाटला जातो. चष्म्याच्या काडीनें तेथें एक बारीकशी फट पाडली, कीं खर्ज पातळ होतो आणि बाहेरचा घोष आंत शिरतो. हें ध्यानांत ठेवून आतां चार नामांकित संच तपासूं.

सोनीचा ‘डब्ल्यूएच-१०००एक्सएम५’ हा २०२२ सालचा. वजन सुमारें २५० ग्रॅम, आणि गोंगाटशमन चालूं असतांनाही बॅटरी ३० तासांपर्यंत पुरते. त्याच्या मूळ ठेवणींत खर्जाला झुकतें माप असतें; तबल्याचा बायां रुबाबदार वाटतो, पण तंबोऱ्याची जवारी थोडी झांकल्यासारखी होते. ही ठेवण फोनवरील ॲपमधून बदलतां येते आणि शास्त्रीय संगीताच्या भोक्त्यानें ती बदलावीच. त्याची कमान मिटत नाहीं, म्हणून तो प्रवासी पिशवींत अधिक जागा अडवितो. २०२५ सालच्या ‘एक्सएम६’ मध्यें ती पुन्हां मिटती केली आहे.

बोसचा ‘क्वाएटकम्फर्ट अल्ट्रा’ हा २०२३ सालचा. वजन जवळजवळ तेवढेंच, बॅटरी २४ तासांपर्यंत. डोक्यावर चढवितांच तो एक लहानसा सूर वाजवितो, तो आपल्या कानांत कसा घुमतो हें मायक्रोफोननें मोजतो आणि त्या मानानें नाद व शमन जुळवून घेतो. त्याच्या गाद्या मऊ आणि पकड सौम्य आहे. लांबच्या प्रवासाला, आणि चष्मा लावणाऱ्यांनाही, तो बहुधा अधिक सुखाचा वाटेल.

ॲपलच्या संचाचें वजन सुमारें ३८५ ग्रॅम, म्हणजे वरील दोहोंच्या दीडपट. बॅटरी २० तासांची. नाद स्वच्छ व समतोल. गाद्या विणलेल्या कापडाच्या असून लोहचुंबकानें बसतात, त्यामुळें त्या जुन्या झाल्यावर सहज बदलतां येतात. शिवाय कोंकणपट्टीच्या दमट हवेंत कृत्रिम चामड्यापेक्षां कापड कानांना बरें. वरची जाळीदार कमान भार पसरून घेते हें खरें, परंतु भार तो भारच. नाजूक मानेच्या माणसानें तो अगोदर तोलून पाहावा.

सेनहायझरचा ‘मोमेंटम ४’ हाही २०२२ सालचा. वजन २९३ ग्रॅम आणि बॅटरी तब्बल ६० तासांपर्यंत. गोंगाट मावळविण्यांत तो सोनी आणि बोस यांच्या किंचित मागें. पण ज्याला घरीं बसून गाणें ऐकावयाचें आहे आणि दर दोन दिवसांनीं बॅटरी भरण्याचा कंटाळा आहे, त्याला तो मानवेल.

जाहिरातींत बिनतारी वहनाचे मोठमोठे आंकडे छापलेले असतात. ध्वनितबकडीच्या, म्हणजे सीडीच्या, नादाला दर सेकंदास १,४११ किलोबिट लागतात. सोनीची ‘एलडॅक’ पद्धत जास्तींत जास्त ९९० किलोबिट वाहून नेते. पण ही पद्धत आयफोनला चालत नाहीं. तेव्हां आयफोनवाल्यानें त्या आंकड्यासाठीं पैसे मोजणें व्यर्थ. आणि चष्म्याच्या फटींतून जो खर्ज निसटतो, तो किती किलोबिट ओतले तरी भरून येत नाहीं.

आतां जी गोष्ट मला किंमतीहून मोलाची वाटते ती सांगतों. गोंगाटांत माणूस गाण्याचा आवाज नकळत वाढवितो, आणि त्याची किंमत कान मोजतो. प्रौढांसाठीं आठवड्यास ४० तास आणि ८० डेसिबेल, ही जागतिक आरोग्य संघटनेनें सुचविलेली सुरक्षित मर्यादा आहे. अंतःकर्णांतील केशपेशी एकदां नष्ट झाल्या, कीं माणसाच्या कानांत त्या पुन्हां उगवत नाहींत. गोंगाटशामक हेडफोनचा खरा लाभ असा, कीं बाहेरचा घोष उतरल्यामुळें गाणें हळू आवाजांतही पुरेसें ऐकूं येतें. तो लाभ न घेतां आवाज पूर्वीइतकाच ठेवला, तर शांततेसाठीं दिलेले पैसे वायां गेले. घरांतील विद्यार्थ्यांना हें अवश्य समजावून सांगावें. रस्त्यानें चालतांना मात्र शमन बंद करून बाहेरचा आवाज आंत घेण्याची कळ दाबावी. नाहींतर मोटारीचा कर्णा ऐकावयाचा राहून जाईल.

तेव्हां खरेदीस जातांना आपला नेहमींचा चष्मा लावून जावें. पूर्ण परिचयाचें एखादें गाणें बरोबर न्यावें. तंबोरा, बायां आणि गायकाचा श्वास हीं तिन्ही वेगवेगळीं ऐकूं येतात कीं नाहीं, तें पाहावें. मग गाणें बंद करून अर्धा तास संच तसाच डोक्यावर ठेवावा. कानशिलें दुखूं लागलीं, टाळूवर ओझें जाणवलें किंवा कानांना घाम आला, तर नामांकित संचही परत करावा. जो डोक्यावर असल्याचा विसर पडूं देतो आणि हळू आवाजांत अधिक ऐकवितो, तो आपला. मग त्यावर कोणत्याही कंपनीचें नांव कां असेना.