दावीद राजाचे घर

बायबलातील राजांच्या कौटुंबिक जीवनावरून ख्रिस्ती माणसाने काय शिकावे, या विषयावर बोलण्याची सूचना आली, तेव्हा शौलापासून योशीयापर्यंत सर्वांचा परामर्श घ्यावा असा माझा संकल्प होता. परंतु दावीदाच्या घरात एकदा पाऊल टाकले की तेथून लवकर निघवत नाही.

आमच्या निलंगा-उदगीर भागातील शब्बाथ शाळेत जाणारे कोणतेही मूल गोफणीची आणि गल्याथाची कथा घडाघडा सांगेल. बथशेबेचे आणि तिचा पती उरीया याच्या घाताचे प्रकरणही थोरांना ठाऊक असते. कारण त्यानंतर नाथान संदेष्टा येतो, राजा पश्चात्ताप करतो आणि उपदेशकाला सोयीचा शेवट सापडतो. तामारेचा अध्याय मात्र उपदेशपीठावरून क्वचितच वाचला जातो, आणि हे मला कधीच पटले नाही.

तामार दावीदाची कन्या. तिचा सावत्र भाऊ अम्नोन दुखण्याचे सोंग घेऊन पडला आणि तिनेच येऊन माझ्यासमोर पोळ्या कराव्यात, असा हट्ट त्याने धरला. तिला त्याच्या घरी जाण्याचा निरोप खुद्द बापाने पाठविला. तिने कणीक मळली, पोळ्या भाजल्या, आणि त्याच घरात त्याने तिच्यावर बलात्कार करून तिला बाहेर घालविले. अंगावरचा झगा फाडून, मस्तकावर राख टाकून ती आक्रोश करीत गेली. राजाच्या कानी हे गेले. तो अतिशय संतापला, असे शास्त्र सांगते. त्या संतापातून काय निष्पन्न झाले, हे मात्र सांगत नाही, कारण काहीच निष्पन्न झाले नाही. पुन्हा सांगतो : राजा संतापला आणि गप्प राहिला. ज्येष्ठ पुत्र अम्नोनाची ना चौकशी, ना शिक्षा. कन्येच्या पाठीवरून हात फिरविल्याचाही उल्लेख नाही.

दोन वर्षांनी तिचा सख्खा भाऊ अबशालोम याने लोकर कातरण्याच्या मेजवानीत अम्नोनाला ठार करविले. मग तीन वर्षे गशूरात परागंदा. परत आल्यावर आणखी दोन वर्षे एकाच यरुशलेमेत राहूनही त्याला बापाचे मुखदर्शन नाही, इतके की सेनापती यवाबाने आपली दखल घ्यावी म्हणून त्याने त्याच्या जवाच्या शेताला आग लावविली! पुढे तो पहाटे वेशीशी उभा राहून फिर्यादी लोकांना सांगू लागला की, तुमची बाजू खरी, पण राजाच्या कचेरीत तुमची दाद घेणारा कोणी नाही. हे बोलणे कपटाचे होते खरे. परंतु ज्याच्या बहिणीची फिर्याद तिच्या बापानेच दाखल करून घेतली नव्हती, त्याच्या तोंडून ते निघत होते, हे विसरू नये.

आपल्या मंडळ्यांतील कर्त्या पुरुषांना मला येथे थोडे बोलावयाचे आहे. गावचा तंटा चावडीवर बसून मिटविणारे, पंचांत ज्यांच्या शब्दाला वजन, असे गृहस्थ घरची लेक काही सांगू लागली की 'आईला सांग' म्हणून उठतात. आणि गोष्ट गंभीर असली तर घराण्याच्या अब्रूसाठी तिलाच गप्प बसवितात. शास्त्राने दावीदाची अब्रू झाकली नाही. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजातही लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिताना पती रेव्हरंड टिळकांचा शीघ्रकोप झाकला नाही, 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर पदरी आलेला वियोग झाकला नाही. आणि तरीही वाचकाच्या मनातील टिळकांविषयीचा आदर तसूभरही उणावत नाही.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून बाकीचे धावतेच सांगतो. 'तू असे का केलेस' असे दावीदाने आपला पुत्र अदोनीया याला कधीच विचारले नव्हते, आणि बापाच्या हयातीतच त्याने गादीवर हक्क सांगितला. शलमोनाच्या सातशे राण्या आणि तीनशे उपपत्नी. त्याचा पुत्र रहबाम याने वृद्धांचा सल्ला झिडकारला आणि दहा वंश गमावले. उलट, हिज्कीयासारख्या भक्तिमान राजाच्या पोटी दुष्ट मनश्शे निपजला, आणि त्या मनश्शेचा नातू भक्तिमान योशीया. तेव्हा मुले बिघडली म्हणून प्रत्येक आईबापाला दोष देऊ नये, हेही सांगितले पाहिजे.

आज रात्री जेवणे आटोपल्यावर शमुवेलाचे दुसरे पुस्तक काढा, अकराव्या अध्यायापासून अठराव्यापर्यंत क्रमाने, दररोज एकेक वाचा, जाणती मुले-मुली जवळ बसवून. आणि तामारेचा तेरावा अध्याय आला की पान उलटू नका.