पदवीनंतरचा अभ्यास





वॉर्डात रुग्ण येतो तेव्हा त्याला कोणता संसर्ग आहे हे पुष्कळदा ठाऊक नसतं. तपासणीचा अहवाल यायचा असतो. सलाइन लावणं, थुंकीचा नमुना घेणं मात्र थांबत नाही. 2018 मध्ये केरळात निपाह विषाणूचं निदान होण्याआधीच रुग्णाची सेवा करताना पेरांब्राच्या परिचारिका लिनी पुथुस्सेरी यांना लागण झाली आणि त्या गेल्या. रोगाचं नाव कळण्याआधीच पहिली काळजी घ्यावी लागते, ती परिचारिकेला.

ही काळजी कशी घ्यायची, हे आज परिचर्येची पदवी घेणारे तुम्ही सगळे शिकला आहात. पण शिकलेलं जुनंही होतं. कोविडच्या सुरुवातीला बरंच लक्ष हात आणि पृष्ठभागांवर होतं; हवेतून होणाऱ्या प्रसाराचं महत्त्व पुढे मान्य झालं. तोवर वर्ग भरवायला सवड कुणाला होती? अशा वेळी स्वतः वाचून शिकण्याची सवयच उपयोगी पडते.

दक्षिण आफ्रिकेने याची एक चांगली वाट दाखवली. दूरच्या रुग्णालयांतल्या परिचारिकांसाठी तिथे माता आणि नवजात बालकांच्या शुश्रूषेवर स्वयंअध्ययनाची पुस्तकं तयार झाली. आधी स्वतःची चाचणी, मग छोटा पाठ, त्यावर रुग्णांची उदाहरणं, शेवटी पुन्हा चाचणी. शिक्षक नसला तरी चार जणी एकत्र बसून शिकू शकतात.

हीच पद्धत तुमच्या वॉर्डात आणा. स्वतःला नेमके प्रश्न विचारा. क्षयाच्या रुग्णाला कोणता मास्क द्यायचा आणि आपण कोणता घालायचा? त्याला साधा सर्जिकल, आपल्याला एन-95. अल्कोहोलचा हँडरब कुठे पुरत नाही? क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जीवाणूचे बीजाणू त्याने मरत नाहीत; तिथे हातमोजे आणि साबण-पाणीच हवं. वापरलेली सुई टोचली तर? जखम न पिळता साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं गरज असल्यास शक्य तितक्या लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. उत्तर आधी कागदावर लिहा, मगच पान उलटा. आपल्याला काय येत नाही ते तेव्हाच कळतं.

मात्र पुस्तकाने हात घडत नाहीत. पीपीई उतरवण्याचा क्रम वाचा आणि सहकाऱ्यासमोर करूनही दाखवा. रुग्णालयांच्या प्रशासकांनाही माझी विनंती आहे: या अभ्यासासाठी ड्युटीच्या वेळेतच जागा द्या. थकलेल्या परिचारिकेच्या झोपेतून तो वेळ काढू नका.

पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी 1897 मध्ये प्राण गमावले. तेव्हा प्लेगवर प्रतिजैविकं नव्हती. आज आपल्या हाती औषधं आहेत, लसी आहेत, ज्ञान आहे. त्या ज्ञानाअभावी एकही परिचारिका जाऊ नये. म्हणून वाचत राहा, आणि वाचलेलं शेजारच्या सहकाऱ्याला शिकवत राहा.