परीक्षा नसलेल्या शाळेत चार महिने

आजच्या भागात कोडिंगबद्दल काहीच नाहीये, आधीच सांगून ठेवतो.

मागच्या वर्षी ऑगस्ट ते डिसेंबर मी डेन्मार्कमध्ये होतो. लोक विचारतात, "मास्टर्स केलंस?" नाही. "मग कसला कोर्स?" तसा कसलाच नाही. "मग मिळालं काय?" हा तिसरा प्रश्न आमच्या आप्पांनी मी जायच्या आधीच विचारला होता. त्यांचा विचारायचा हक्कही होता. तिकीट, विसा, विमा, फी सगळं धरून सातेक लाख गेले, आणि त्या पैशांतून गावाकडच्या घरावर स्लॅब पडायचा होता. तो एक वर्ष पुढे गेला. बरं, मी नोकरीही सोडली होती.

तर ही शाळा म्हणजे काय? तिकडे त्याला फोल्केहॉयस्कोले म्हणतात, म्हणजे लोकांची उच्च शाळा. देशभरात अशा सत्तरेक आहेत. साडेसतरा वर्षं पूर्ण हवीत, वरची मर्यादा नाही. बहुतेक डॅनिश मुलं आपल्या बारावीसारखं शिक्षण संपवून, युनिव्हर्सिटीत जायच्या आधी काही महिने इथे येऊन राहतात. राहतात हे महत्त्वाचं. शिक्षक, विद्यार्थी, जेवण, भांडी, सगळं एकाच आवारात. परीक्षा नाही, मार्क नाहीत, डिग्री नाही. आणि हा कुणा प्रेमळ मुख्याध्यापकांचा निर्णय नाही. या शाळांसाठी वेगळा कायदा आहे, त्यात शिक्षण परीक्षेविना असेल असंच आहे. हेतूही कायद्यात लिहिलाय. जगण्याची समज, लोकांचं प्रबोधन आणि लोकशाहीची घडण. मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते आपल्या शाळांच्या भिंतीवरच्या सुविचारासारखं वाटलं होतं.

यामागे ग्रुंटविग नावाचे गृहस्थ आहेत, १७८३ ते १८७२. पाद्री, कवी, आणि बहुतेक भांडखोर. लॅटिन घोकून घेणाऱ्या शाळांना ते मृत्यूच्या शाळा म्हणत. १८३० च्या आसपास ते इंग्लंडला जाऊन आले. केंब्रिजमध्ये शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र राहतात, एकत्र जेवतात हे त्यांना फार आवडलं. तेव्हा डेन्मार्कमध्ये राजाची सत्ता होती, पण सल्लागार सभा सुरू होत होत्या आणि शेतकऱ्यांनाही त्यात जागा मिळणार होती. आता ज्याला कुणी कधी बोलू दिलं नाही तो सभेत काय बोलणार? त्यासाठी शाळा हवी, पुस्तकाची नाही, बोलण्याची. पहिली शाळा १८४४ साली रोडिंगला निघाली. संविधान आलं १८४९ मध्ये. पुढे क्रिस्टन कोल्ड नावाच्या शिक्षकाने १८५१ मध्ये आपली शाळा काढली. हिवाळ्यात शेतीची कामं नसताना मुलगे यायचे, पुढे उन्हाळ्यात मुलीही यायला लागल्या.

माझी शाळा जटलंडमधल्या एका छोट्या गावात होती. शंभरच्या आत मुलं, अर्धे तास इंग्रजीत. मी सत्तावीस वर्षांचा, माझ्या खोलीतला मुलगा एकोणीसचा. मी घेतले विषय: मातीकाम, राजकारण आणि चर्चा, आणि समूहगान. हो, मी. गाणं येत नसताना.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. दहावी, बारावी, जेईई, सेमिस्टर, प्लेसमेंट, मग ऑफिसात दर वर्षी रेटिंग. कुणीतरी आकडा देणार, मग कळणार आपण कसे आहोत. मातीकामाच्या वर्गात मी इतरांचे कप मोजायचो. मनातल्या मनात नाही, चक्क मोबाइलमध्ये लिहून ठेवायचो. बाईंना विचारलं, माझा कप कसा झालाय? त्यांनी तो हातात घेतला, त्यात कॉफी ओतली, प्यायल्या आणि म्हणाल्या, "कान छोटा आहे. बोट भाजतं." बस. दहापैकी किती, हे कळायला मार्गच नव्हता.

रोज सकाळी सगळे सभागृहात जमतात आणि गातात. आपल्या शाळेतल्या प्रार्थनेसारखं रांगेत उभं राहून नाही, बसून, हातात पुस्तक घेऊन. ते गाण्यांचं पुस्तक पहिल्यांदा १८९४ मध्ये निघालं, आताच्या आवृत्तीत सहाशेच्या वर गाणी आहेत. २०२० च्या आवृत्तीत कोपनहेगनमधल्या रमजानवरचं एक गाणं घेतलं, तर देशभर वाद झाला. हे गाणं आपलं म्हणायचं की नाही म्हणून! आमच्या वर्गात त्यावर पूर्ण दुपार गेली. मला मात्र त्या वादामुळे पुस्तकाबद्दल आदर वाटला. ज्या पुस्तकात काय घ्यावं यावरून लोक भांडतात, ते पुस्तक जिवंत असणार. एकदा मला घरचं गाणं शिकवायला सांगितलं. मी होनाजी बाळांची भूपाळी निवडली, सकाळचीच वेळ होती. ऐंशी डॅनिश तोंडांना 'ळ' जमला नाही. मला त्यांचा मऊ 'द' शेवटपर्यंत जमला नाही. हिशेब मिटला.

आता भांड्यांचं सांगतो. भांडी आणि साफसफाईच्या पाळ्या मुलांच्याच असतात, आणि दर आठवड्याच्या सभेत त्यावरून अर्धा-पाऊण तास वाद व्हायचा. कुणी कधी यायचं, कोण टाळतंय. मी दोन रात्री बसून एक छोटं अ‍ॅप लिहिलं. पाळ्या आपोआप लागतात, अदलाबदल करता येते, आठवण येते. सभेत दाखवलं. टाळ्या पडल्या, आणि मग मतदानात ते नामंजूर झालं! एक मुलगी म्हणाली, "मग आपण एकमेकांना तोंडावर सांगणार कधी?" अ‍ॅप अजूनही चांगलं होतं असं माझं मत आहे. पण त्या मुलीचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.

आप्पांचा सूर बदलला तो दुधावरून. १८८२ मध्ये पश्चिम जटलंडमध्ये येडिंगला शेतकऱ्यांनी पहिली सहकारी डेअरी काढली. या चळवळीतल्या बऱ्याच जणांनी फोल्केहॉयस्कोलेत हिवाळे काढले होते. सगळं श्रेय शाळांना देऊ नये, पण वाटा होता. त्या सहकाराचा नियम असा, की मत डोक्यांप्रमाणे, गुरांप्रमाणे नाही. पाच गायी असोत की पन्नास, मत एक. डॅनिशमध्ये डोकी आणि गुरं हे शब्द जवळजवळ सारखे आहेत, त्यामुळे ते म्हणीसारखं झालंय. आप्पा पंचवीस वर्षं गावच्या संस्थेला दूध घालतायत. फोनवर त्यांना हे सांगितलं. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "मत एकच असतंय की आपल्याकडं बी. पण चेअरमन कोण होतंय? ज्याच्या गोठ्यात गुरं जास्त, त्योच."

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं. एक शेतकऱ्याचा मुलगा होता, एरवी गप्प असायचा. तो म्हणाला, "माझे बाबाही सभेला जातात, मत देतात आणि गाडीत बसून शिव्या घालतात." मग दीड तास तो आणि मी बोलत होतो, बाकीचे ऐकत होते. संध्याकाळी परत आप्पांना फोन. त्या दिवसापासून फोनवर "जेवलास का" च्या आधी "आज वर्गात काय झालं" यायला लागलं.

परत आल्यावर नोकरीला तीन महिने लागले. प्रत्येक मुलाखतीत त्या रिकाम्या महिन्यांवर बोट. एका ठिकाणी मॅडम म्हणाल्या, "सर्टिफिकेट अपलोड करा." शाळेने दिलेलं हजेरीचं पत्र केलं. शेवटी मिळाली ती नोकरी आधीपेक्षा थोड्या कमी पगाराची. स्लॅब या मार्चमध्ये पडला.

कुणी जाणार असाल तर भाषा आधी तपासा. बऱ्याच शाळा पूर्ण डॅनिशमध्ये चालतात. हेलसिंगोरचं इंटरनॅशनल पीपल्स कॉलेज १९२१ पासून आहे, तिथे इंग्रजीत शिकवतात. स्वीडन आणि नॉर्वेतही अशा शाळा आहेत, पण नियम वेगळे, ते वेगळे वाचा. डिसेंबरमध्ये दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो, ते फोटोत कळत नाही. वीकेंडला मुलं भरपूर पितात, त्याचा त्रास होणार असेल तर आधी विचार करा. आणि मसाल्याचा डबा न्या. माझा ऑक्टोबरमध्येच संपला, कारण अख्खी शाळा जेवत होती.