आजाऱ्याची सेवा : दर्जा कोणी ठरवायचा?

(सौंदड येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



रोवणी आटोपून, घरचं आवरून तुम्ही इतक्या जणी आलात. मघाशी मी विचारलं, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे? अर्ध्याहून जास्त हात वर आले. लकवा मारलेला सासरा, मांडीचं हाड मोडलेली सासू, सिकलसेलच्या दुखण्यानं तळमळणारं पोर. मग विचारलं, पैसे घेऊन दुसऱ्याच्या घरी पेशंट सांभाळायला कोण जाते? तेव्हा हात वर यायला वेळ लागला. सात-आठ जणींनी एकमेकींकडे पाहत हात वर केले. या कामाची लाज वाटावी असं त्यात काय आहे, हा माझा पहिला प्रश्न.

सौंदड नागपूर-रायपूर रस्त्यावर आहे. गोंदिया-बल्लारशा गाडीही इथून जाते. त्यामुळे तेंदूपत्ता आणि धान संपला की इथल्या मुली कामासाठी बाहेर पडतात. पूर्वी धुणीभांडी होती, आता 'पेशंटजवळ' जातात. शहरात मुलं परदेशी आणि म्हातारी माणसं एकटी, म्हणून मागणी भरपूर. मधे एजन्सी असते. ती घरच्यांकडून महिन्याचे पैसे घेते, त्यातले काही स्वतः ठेवते आणि उरलेले बाईला देते. मुलीला पांढरा कोट चढवतात आणि 'सिस्टर' म्हणून पाठवतात. नर्सिंगचा ए.एन.एम.चा अभ्यासक्रमसुद्धा दोन वर्षांचा आहे. या मुलींना दोन दिवसही कोणी काही शिकवलेलं नसतं.

याच भागातली एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिचं नाव-गाव सांगत नाही, एजन्सीचंही नाही. ती एका मधुमेही आजींजवळ चोवीस तास होती. एका संध्याकाळी आजी जेवल्याच नाहीत. मुलाला फोन केला, तो म्हणाला, रोजच्यासारखं इन्सुलिन दे. तिनं दिलं. रात्री आजींना दरदरून घाम फुटला आणि त्या बेशुद्ध झाल्या. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं म्हणून वाचल्या. मग पंचाईत सुरू झाली. घरचे म्हणाले, आम्ही नर्सचे पैसे मोजले. एजन्सी म्हणाली, आम्ही नर्स कधी म्हटलंच नाही, अटेंडंट पाठवली. आणि मुलीचे दोन महिन्यांचे पैसे अडकले. इन्सुलिन दिल्यावर जेवलं नाही तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं काय करायचं आणि काय करायचं नाही, याचा एकही कागद नव्हता. जीव जाता जाता वाचला तो म्हातारीचा, दोष आला तो पोरीवर, आणि ज्यानं दोघींमधून पैसे कमावले तो नामानिराळा राहिला.

म्हणून मी 'दर्जा' हा शब्द वापरते. तो फक्त मोठ्या दवाखान्यांचा शब्द नाही.

चांगली सेवा म्हणजे काय? एक जुनी गोष्ट सांगते. अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगारानं त्यांच्यावर अत्याचार केला, आणि त्या पुन्हा कधी शुद्धीवर आल्या नाहीत. २०१५ मध्ये त्या गेल्या. बेचाळीस वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं, एका पिढीनं दुसऱ्या पिढीच्या हाती सोपवून. २०११ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं, तेव्हा एक बाब सगळ्यांच्या नजरेत भरली. इतकी वर्षं अंथरुणावर असून त्यांच्या अंगाला झोपून पडणारी जखम नव्हती. ज्यांनी असा पेशंट सांभाळला आहे त्यांना यामागचे कष्ट समजतील. आणि त्याच गोष्टीची दुसरी बाजू अशी, की सेवा करणारी बाई तिच्या कामाच्या जागी सुरक्षित नव्हती. पेशंटची सेवा आणि सेवा करणारीची सुरक्षा हे दोन वेगळे विषय नाहीत, हे मला त्या एका नावातून कळतं.

जखम होऊ नये म्हणून काय लागतं? दर दोन तासांनी कूस बदलणं, चादरीला चुणी न ठेवणं, अंग कोरडं ठेवणं, टाचा-माकडहाड रोज पाहणं. लालसर डाग दिसला तर तो चोळायचा नाही, त्यावरचा भार काढायचा. भरवताना पेशंटला बसतं करायचं आणि नंतर अर्धा तास तसंच ठेवायचं, नाहीतर घास श्वासनळीत जातो. लघवीची पिशवी पोटाच्या खाली टांगायची, पण जमिनीला टेकवायची नाही. जड माणसाला एकटीनं उचलायचं नाही, दोघींनी चादरीनं सरकवायचं. ही शेवटची गोष्ट पेशंटइतकीच तुमच्या कमरेसाठी आहे. यात न समजण्यासारखं काही नाही. पण चोवीस तासांच्या ड्युटीत जी बाई रात्री झोपूच शकत नाही, ती दर दोन तासांनी कूस कशी बदलणार? विश्रांतीचे तास हासुद्धा दर्जाचाच भाग आहे, आणि नेमका तोच कोणी लिहीत नाही.

सरकारनं काही केलं का? ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा. त्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं. म्हाताऱ्यांना घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान दर्जा, अशी तरतूद त्यात होती. विधेयक समितीकडे गेलं, आणि २०२४ मध्ये ती लोकसभा संपली तेव्हा बारगळलं. माझ्या मते त्यातही उणीव होती. पेशंटच्या बाजूनं बराच विचार होता, पण सेवा करणाऱ्या बाईचे तास, पगार, सुरक्षा हे मुद्दे कडेलाच होते.

काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतात, दर्जा-प्रमाणपत्राच्या मागे लागू नका, त्यात आपल्या कमी शिकलेल्या बायाच बाहेर फेकल्या जातील. ही भीती खोटी नाही. दाईचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. २००५ पासून जननी सुरक्षा योजनेत दवाखान्यातल्या बाळंतपणाला पैसे मिळू लागले. ते आवश्यकच होतं, पण पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं केलेल्या बाईला तिथे जागा कुठली, हे कोणी विचारलं नाही.

पण शेजारच्या गडचिरोलीनं उलटही दाखवलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९३ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. काम करणाऱ्या बाया त्याच गावांतल्या होत्या. बाळाचं वजन, ताप, श्वास, दूध पिणं, सगळं ठरलेल्या दिवशी तपासायचं आणि लिहायचं. वरून तपासायला येणारं माणूस होतं. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आज तुमच्यापैकी आशाताई दवाखान्यात झालेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी पाहायला जातात, त्याची मुळं त्या कामात आहेत. डिग्री नसलेली बाई उत्तम दर्जाचं काम करू शकते. त्यासाठी तिला शिकवावं लागतं, साधनं द्यावी लागतात, लिहिलेलं कोणी वाचावं लागतं आणि अडल्यावर हाक मारायला माणूस असावं लागतं. पेशंट सांभाळणाऱ्या बाईला यातलं एकही मिळत नाही. (आणि आशाताईंना सगळं दिलं, पण कर्मचारी म्हणायचं मात्र नाही, 'मोबदला' म्हणायचं! त्यावर वेगळा मेळावा घ्यावा लागेल.)

आता सुरक्षा. ज्या घरी आपण कामाला जातो ते त्यांचं घर असलं तरी आपलं कामाचं ठिकाण आहे. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तेच म्हणतो. राजस्थानात भंवरी देवी घरोघर जाऊन बालविवाह रोखायचं सरकारी काम करत होती, त्यासाठीच १९९२ मध्ये तिच्यावर बलात्कार झाला. त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे हा कायदा. घरी काम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते, आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीनं सात दिवसांत ती पोलिसांकडे पाठवायची असते. पेशंटचं अंग पुसताना कोणी जाणूनबुजून हात धरतो, घरचा पुरुष रात्री दार वाजवतो, हे 'म्हातारा आहे, जाऊ दे' म्हणून सोडायचं नाही.

आणि जिला कोणी पैसेच देत नाही तिचं काय? सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला वेळ दिवसाला २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. माणसं सांभाळण्यात बायकांची १३४ मिनिटं आणि पुरुषांची ७६. सून सासऱ्याची कूस बदलते तेव्हा मुलगा कुठे असतो? चादरीचं दुसरं टोक धरायला त्याला बोलवा. दोघं लागतातच, हे मी आत्ताच सांगितलं.

कामाला जाणाऱ्या बायांनी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून घ्यायचं : मी काय करीन, काय करणार नाही (इंजेक्शन, नळी घालणं हे शिकल्याशिवाय नाही), किती तास, झोप केव्हा, पैसे किती आणि कोण देणार, रात्री अडलं तर फोन कोणाला. घरच्यांची आणि एजन्सीची सही घ्यायची. एकटीनं मागितलं तर दुसरी बाई आणतील, हे मला ठाऊक आहे. म्हणून गावातून जाणाऱ्या सगळ्यांनी एकच कागद मागायचा. त्याचा नमुना आणि औषधांची वही बाहेर टेबलावर ठेवली आहे. वहीत तारीख, वेळ, औषध, खाणं, लघवी-संडास, कूस, असे रकाने आहेत. लिहिता येत नसेल तर खुणा करा, आम्ही तशी चित्रांची वहीही केली आहे.

चहानंतर चार-चार जणींचे गट करू. एक पेशंट होईल, दोघी चादर धरतील, चौथी वही भरेल. चादरी मागच्या खोलीत आहेत, कुणीतरी दोघी घेऊन या.